रेंज फुल, तरी नेट गुल

परदेशात विमान उतरतं, फोन चालू होतो, कोपऱ्यात रेंजच्या दांड्या भरलेल्या दिसतात आणि तरी नकाशा उघडत नाही, व्हॉट्सॲपवरून एक मेसेज जात नाही. प्रवासासाठी ई-सिम घेणाऱ्यांची ही सर्वांत मोठी तक्रार आहे. अशा वेळी मनात पहिला विचार येतो तो पैसे पाण्यात गेल्याचा. बहुतेक वेळा तसं नसतं. सिम धडधाकट असतं, काम अडलेलं असतं एका ठरावीक टप्प्यावर, आणि तो टप्पा कुठला हे फोनच्या पडद्यावर दिसत असतं. ते वाचता आलं तर विमानतळावरच्या बाकावर बसून पाच-दहा मिनिटांत नेट सुरू होतं. वाचता आलं नाही तर माणूस फोन पुन्हा पुन्हा बंद-चालू करत राहतो आणि शेवटी वैतागून ते सिमच फोनमधून उडवून टाकतो. नेमकं तेच करू नये, पण त्याबद्दल पुढे.

ई-सिम म्हणजे फोनच्या आत कायमची बसवलेली चिप. ती काढायची-घालायची नसते. क्यूआर कोड स्कॅन केला की कंपनीच्या सर्व्हरवरून एक ‘प्रोफाइल’ त्या चिपमध्ये उतरतं. साध्या सिमकार्डात जे असतं तेच या प्रोफाइलमध्ये असतं: तुमची ओळख सांगणारा क्रमांक आणि ती ओळख पटवणारी एक गुप्त किल्ली. २०१६ मध्ये सॅमसंगच्या एका घड्याळात ही सोय आली, २०१७ मध्ये गुगलच्या पिक्सेल २ मध्ये आणि २०१८ मध्ये आयफोन एक्सएस आणि एक्सआरमध्ये. सामान्य प्रवाशापर्यंत ती पोचली ती त्यानंतर.

ओळखीचा तो क्रमांक सहसा १५ आकडी असतो आणि त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात. भारताचे ४०४ आणि ४०५, जपानचे ४४० आणि ४४१, हाँगकाँगचा ४५४. खरी गोम इथे आहे. ‘जपानसाठी’ म्हणून घेतलेल्या ई-सिमचा क्रमांक पुष्कळदा ४४० ने सुरू होत नाही. ते सिम हाँगकाँगच्या, सिंगापूरच्या किंवा युरोपातल्या एखाद्या देशाच्या कंपनीचं असतं. त्या कंपनीचे जगभरच्या मोबाइल कंपन्यांशी रोमिंगचे करार असतात, आणि विक्रेता त्या करारांच्या जोरावर एकाच जातीचं सिम कधी जपानसाठी, कधी थायलंडसाठी, कधी अख्ख्या युरोपसाठी विकत असतो. दर परवडतो तो त्यामुळेच. पण याचा अर्थ असा की टोकियोत तुमच्या फोनमधलं सिम जपानी नसतं. ते तिथे पाहुणं असतं, आणि पाहुणं म्हणूनच त्याला वागवलं जातं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

ओळखीतले एक काका सहलीला जपानला गेले होते. हानेदा विमानतळावरच्या फुकट वाय-फायवरून त्यांनी पुण्यातल्या पुतणीला फोन लावला.

“अगं, रेंज फुल आहे, पण नेटच चालत नाहीये. फसवलं बघ त्या सिमवाल्यांनी.”

“काका, नव्या सिमचं डेटा रोमिंग चालू आहे का?”

“रोमिंग? छे! ते मी मुंबईतच आठवणीनं बंद केलंय. केवढं बिल येतं म्हणतात.”

“ते आपल्या इकडच्या सिमचं, काका. ते बंदच राहू द्या. पण या नव्या सिमचं चालू करावं लागतं.”

“म्हणजे दोघांचं वेगळं असतं?”

“हो. सेटिंग्जमध्ये दोन्ही सिमं वेगवेगळी दिसतील. नव्यावर बोट ठेवा आणि आत जा.”

एक बटण सरकवलं आणि काकांच्या फोनवर व्हॉट्सॲपचे मेसेज धडाधड येऊ लागले.

काकांचं काही चुकलं नव्हतं. परदेशी जाताना ‘डेटा रोमिंग बंद कर’ हा सल्ला आपल्याकडे घरोघरी दिला जातो, आणि भारतीय सिमच्या बाबतीत तो आजही बरोबर आहे. पॅक न घेता रोमिंगवर नेट वापरलं तर पैसे सपाट्यानं कापले जातात. प्रवासी ई-सिमची गोष्ट उलटी आहे. ते जन्मापासून रोमिंगवरच जगतं. त्याचे पैसे आधीच भरलेले असतात, ठरलेले जीबी संपले की ते थांबतं किंवा मंदावतं, नंतर बिल येण्याचा प्रश्नच नसतो. म्हणून परदेशात फोनची मांडणी अशी हवी: भारतीय सिम चालू, पण त्याचं डेटा रोमिंग बंद, प्रवासी सिम चालू, त्याचं डेटा रोमिंग चालू, आणि ‘मोबाइल डेटा कुठल्या सिमवरून’ या प्रश्नाला उत्तर प्रवासी सिम. हा तिसरा भाग अनेक जण विसरतात. रोमिंग चालू करतात, पण डेटासाठी निवडलेलं सिम भारतीयच राहतं, त्याचं रोमिंग बंद असतं आणि फोन गप्प बसतो. आयफोनवर त्याच पानावर ‘अलाउ मोबाइल डेटा स्विचिंग’ असं एक बटण असतं, अँड्रॉइडवर ‘ऑटो डेटा स्विचिंग’ अशा नावाचं. एका सिमची रेंज गेली की दुसऱ्यावरून नेट घ्यायची ती परवानगी आहे. परदेशात ती बंद ठेवावी. भारतीय सिमचं रोमिंग बंद असेल तर तसा धोका नाही, पण दोन कड्या लावलेल्या बऱ्या.

एवढं करूनही नेट नसेल तर पडदा नीट बघायचा. वाय-फाय आधी बंद करायचं, कारण वाय-फाय चालू असताना ‘४जी’ किंवा ‘एलटीई’ ही अक्षरं झाकली जातात. शिवाय विमानतळावरचं किंवा रेल्वेतलं वाय-फाय पुष्कळदा अर्धवट जोडलेलं असतं. अटी मान्य करायचं पान तुम्ही उघडलेलंच नसतं आणि फोन मात्र त्याच वाय-फायला चिकटून बसतो. सिमचा त्यात काही दोष नसतो.

वाय-फाय बंद केल्यावर तीनपैकी एक चित्र दिसतं.

पहिलं, दांड्याच नाहीत. ‘नो सर्व्हिस’, ‘एसओएस’ किंवा ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ असं काहीतरी लिहिलेलं. म्हणजे तिथल्या नेटवर्कनं तुमच्या सिमला अजून आत घेतलेलं नाही. आत घेण्याची रीत अशी: फोन आपला क्रमांक जपानी नेटवर्कला सांगतो, ते नेटवर्क क्रमांकाचे पहिले आकडे पाहून ओळखतं की हे अमुक देशाचं, अमुक कंपनीचं सिम आहे. मग ते त्या कंपनीच्या यंत्रणेला विचारतं, हा तुमचा ग्राहक का, आणि त्याला आमच्याकडे येऊ द्यायचं का? तिकडून एक गणिती कोडं येतं, सिममधली गुप्त किल्ली ते सोडवते, उत्तर जुळलं की नोंदणी होते. हा सगळा निरोपानिरोपीचा खेळ समुद्रापार चालतो. नव्या देशातली पहिली नोंदणी म्हणूनच काही मिनिटं घेऊ शकते, आणि एका वेळी तीनशे प्रवासी विमानातून उतरून फोन चालू करत असतील तर आणखी थोडी. घाई करू नये.

पाच-दहा मिनिटांतही काही झालं नाही तर फ्लाइट मोड लावून अर्धा मिनिट थांबायचं आणि काढायचा. हा टोटका नाही. फ्लाइट मोड काढल्यावर फोन नोंदणीची सगळी रीत पहिल्यापासून नव्यानं करतो, आणि मध्येच अडकलेली जुनी बोलणी मोडीत निघतात. एवढ्यानंही भागलं नाही तर नेटवर्क हातानं निवडायचं. जपानमध्ये चार कंपन्यांची नेटवर्क आहेत: एनटीटी डोकोमो, केडीडीआय, सॉफ्टबँक आणि २०२० मध्ये पूर्ण स्वरूपात सुरू झालेलं राकुटेन. तुमच्या सिमचा करार यांपैकी एखाद्याशीच असेल किंवा दोघांशी. चौघांशी असण्याची शक्यता कमी. विक्रेत्याच्या मेलमध्ये ते नाव असतं आणि ते घर सोडण्यापूर्वी कागदावर उतरवून घेण्याजोगं आहे. फोन आपापला ‘ऑटोमॅटिक’वर असला तर कधी करार नसलेल्या नेटवर्ककडे जातो, तिथून नकार मिळतो, आणि तो नकार सिमवरच्या एका यादीत नोंदवला जातो. त्या नेटवर्ककडे फोन मग स्वतःहून पुन्हा फिरकत नाही. तात्पुरत्या गडबडीमुळे चुकीचा नकार मिळाला असेल तर योग्य नेटवर्कही त्या यादीत जाऊन बसतं, आणि त्याला बाहेर काढायचा सोपा मार्ग म्हणजे ‘ऑटोमॅटिक’ बंद करून त्याच नेटवर्कच्या नावावर बोट ठेवणं. नावांची यादी यायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढा धीर धरावा.

दांड्या न येण्याची आणखी दोन कारणं आहेत. फोन ३जी किंवा २जीवर अडकवून ठेवलेला असणं हे एक. जपानमधलं २जी २०१२ मध्येच संपलं, केडीडीआयचं ३जी मार्च २०२२ मध्ये. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ या एका वर्षात ३जी बंद केलं. तेव्हा नेटवर्कचा प्रकार ‘ऑटो’ किंवा ४जी-५जी हवा. दुसरं कारण मराठी घरांत फार आढळतं. अमेरिकेतल्या मुलानं किंवा भाच्यानं पाठवलेला आयफोन. तिकडे कंपनीच्या हप्त्यांवर घेतलेला फोन पुष्कळदा त्या कंपनीलाच बांधलेला असतो आणि दुसऱ्या कुणाचं सिम तो घेतच नाही. आयफोनमध्ये ‘जनरल’मध्ये ‘अबाउट’ उघडून खाली जा, ‘कॅरियर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असेल तरच ई-सिमचे पैसे भरा. चीनमधून आणलेल्या बहुतेक आयफोनांत तर ई-सिमची सोयच नसते. कुठल्याही फोनवर *#०६# दाबल्यावर येणाऱ्या क्रमांकांत ‘ईआयडी’ नावाचा ३२ आकडी क्रमांक दिसला तर ई-सिमची चिप आहे असं समजायला हरकत नाही.

दुसरं चित्र: दांड्या आहेत, पण ‘४जी’, ‘५जी’ किंवा ‘एलटीई’ ही अक्षरं नाहीत. म्हणजे नोंदणी झाली, पण इंटरनेटकडे जाणारी वाट उघडली नाही. दांड्या फक्त एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज फोनला ऐकू येतोय. नेट हा त्यापुढचा वेगळा व्यवहार आहे, आणि रेंज फुल असूनही नेट नसण्याचं कोडं इथे सुटतं. या चित्रात दोनच संशयित. रोमिंगचं बटण, ज्याबद्दल वर आलंच. आणि एपीएन.

एपीएनचं पान फार कमी लोकांनी उघडलेलं असतं, कारण आपल्याकडे सिम घातलं की ते आपोआप भरलं जातं. ही खरी तर एक ओळ आहे. फोन नेटवर्कला सांगतो की मला अमक्या नावाच्या फाटकातून इंटरनेटवर जायचंय. ते नाव म्हणजे एपीएन. कुणाचं नुसतं ‘इंटरनेट’ असं असतं, कुणाचं कंपनीच्या नावासारखं. तुम्ही भरलेल्या नावाला नेटवर्क मागून एक शेपूट जोडतं, त्यात सिमच्या मूळ देशाचा आणि कंपनीचा आकडा असतो. म्हणून टोकियोतल्या टॉवरला कळतं की या माणसाचा डेटा हाँगकाँगच्या अमुक फाटकाकडे धाडायचा. नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं की तिकडचं फाटक म्हणतं, असं कुणी आमच्याकडे नाही. फोन मात्र तुम्हाला यातलं काही सांगत नाही. तो नुसता गप्प राहतो.

आयफोनवर प्रवासी सिमच्या पानावर ‘मोबाइल डेटा नेटवर्क’ असतं, त्यात पहिली ओळ एपीएनची. विक्रेत्यानं मेलमध्ये दिलेलं नाव तिथे जसंच्या तसं टाकायचं. पुढेमागे मोकळी जागा सुटू द्यायची नाही, आपोआप मोठं होणारं पहिलं अक्षर पुन्हा लहान करायचं. युजरनेम आणि पासवर्ड दिलेले नसतील तर ते कोरेच ठेवायचे. अँड्रॉइडवर ‘ॲक्सेस पॉइंट नेम्स’ उघडून नवा एपीएन जोडावा लागतो, आणि इथे एक खोच आहे: नाव भरून नुसतं मागं आलं तर काही फोनांत ते जतन होत नाही. कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून ‘सेव्ह’ म्हणायचं, मग यादीत परत येऊन त्या नावासमोरचा गोल ठिपका निवडायचा. हा ठिपका निवडायचा राहिला म्हणून नेट नाही, असं पुष्कळदा होतं. त्याच पानावर खाली ‘एपीएन रोमिंग प्रोटोकॉल’ नावाची ओळ असते. ती ‘आयपीव्ही४/आयपीव्ही६’ अशी दोन्हींवर ठेवलेली बरी, कारण एकाच जातीचा पत्ता मागणाऱ्या फोनला समोरचं नेटवर्क कधी कधी पत्ताच देत नाही.

जपानमध्ये पूर्वी शिकायला किंवा नोकरीला राहून गेलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. तिथल्या स्वस्त मोबाइल कंपन्यांची सिमं वापरताना आयफोनमध्ये एक ‘कॉन्फिगरेशन प्रोफाइल’ घालावं लागे. ते फोनमध्ये तसंच पडून असेल तर नव्या सिमच्या एपीएनवर कुरघोडी करतं, तुम्ही काहीही भरा. ‘जनरल’मधल्या ‘व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट’मध्ये जाऊन ते जुनं प्रोफाइल काढून टाकायचं. हे काढायला काहीच हरकत नाही. काढायचं नसतं ते ई-सिमचं प्रोफाइल.

तिसरं चित्र: ‘४जी’ लिहिलंय, पण काही उघडत नाही. वाट उघडली, पुढे कुठेतरी तटलंय. डेटा संपला नाही ना, दिवस संपले नाहीत ना, हे विक्रेत्याच्या ॲपमध्ये वाय-फायवरून आधी बघावं. मुदतीचे दिवस सगळीकडे सारखे मोजत नाहीत. कुणी पहिल्या जोडणीपासून २४ तासांचा एक दिवस धरतं, कुणी मध्यरात्रीपासून, आणि ती मध्यरात्र तुमच्या मुक्कामाची असेलच असं नाही. मग व्हीपीएन असेल तर बंद करा. अँड्रॉइडवर ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाची सोय आहे. जाहिराती अडवण्यासाठी कुणीतरी तिथे एखादं नाव घालून दिलेलं असतं आणि परदेशातल्या नेटवर्कवर ते नाव चालत नाही. ती ‘ऑटोमॅटिक’वर आणा. एक छोटी परीक्षा करता येते: ब्राउझरमध्ये १.१.१.१ हे आकडे टाका. हा क्लाउडफ्लेअर कंपनीचा पत्ता आहे. ते पान उघडलं आणि नावानं कुठलीच साइट उघडली नाही, तर बिघाड नावाचा पत्ता शोधण्यात आहे, सिममध्ये नाही.

नेट चालू आहे पण कासवाच्या गतीनं, ही तक्रार वेगळी आणि तिची कारणंही वेगळी. ‘अमर्याद’ म्हणून विकलेल्या अनेक पॅकांत रोजचा एक कोटा असतो आणि तो संपला की वेग १२८ केबीपीएस किंवा त्याच्या आसपास आणला जातो. हा वेग म्हणजे काय ते हिशेबानं बघा. तीन एमबीचा एक फोटो म्हणजे २४ मेगाबिट. १२८ केबीपीएसनं तो जायला तीन मिनिटांहून जास्त लागतात. मजकुराचे मेसेज जातात, नकाशा कसाबसा रांगतो, व्हिडिओ कॉल विसरा. आणि हा कोटा बहुधा माणूस संपवत नाही, फोन संपवतो. दिवसभर काढलेले फोटो आणि व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढत असतात. ते वाय-फायपुरतं मर्यादित करणं हे निघण्यापूर्वीचं काम आहे. विक्रेत्यांनी कोट्याचा हा आकडा ठळक छापायला हवा, बारीक अक्षरांत नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेग पुरेसा असून बोलताना मात्र दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, याचं कारण अंतरात आहे. पाहुण्या सिमचा डेटा आधी त्याच्या मूळ देशातल्या फाटकापर्यंत जातो आणि तिथून इंटरनेटवर उतरतो. टोकियोत बसून टोकियोतलीच वेबसाइट उघडली तरी तुमची विनंती हाँगकाँगला जाऊन परत येते. फाटक युरोपात असेल तर सुमारे ९,००० किलोमीटर तिकडे आणि तितकेच परत. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या धावण्यातच ९० मिलिसेकंद गेले. प्रत्यक्ष केबलची वाट वाकडी असते आणि मध्ये अनेक ठिकाणी थांबे असतात, म्हणून ते २००-३०० वर सहज जातं. हे कुठल्याही सेटिंगनं सुटत नाही. परदेशातून मुलाखत द्यायची किंवा ऑफिसच्या बैठकीला बसायचं असेल तर ज्या सिमचा डेटा त्याच देशात इंटरनेटवर उतरतो असं सिम घ्यावं, थोडं महाग पडलं तरी. विक्रेत्याला विचारलं तर तो सांगतो.

या लांबच्या फाटकामुळे आणखी एक गोंधळ होतो, आणि लोकांना तो बिघाड वाटतो. इंटरनेटच्या दृष्टीनं तुम्ही जपानमध्ये नसताच, फाटक जिथे आहे तिथे असता. क्योतोत हॉटेल शोधताना किमती हाँगकाँग डॉलरमध्ये दिसतात, पानं चिनी लिपीत उघडतात. चॅटजीपीटी हाँगकाँगमध्ये उपलब्ध नाही, त्यामुळे हाँगकाँगचं फाटक असलेल्या सिमवर ते जपानमध्ये बसूनही उघडत नाही, आणि मेनूकार्डाचा फोटो काढून अर्थ विचारायची सवय लागलेला माणूस गोंधळून जातो. चीनमध्ये याच गुणधर्माचा फायदा होतो. तिथल्या साध्या नेटवर गुगल आणि व्हॉट्सॲप बंद असतात, पण बाहेरच्या देशाच्या सिमचा डेटा बाहेरच्या फाटकातून जात असल्यानं ती चालतात. आपल्याकडच्या काही सरकारी साइट मात्र भारताबाहेरच्या पत्त्यांना दाद देत नाहीत, तेव्हा तिथलं काम निघण्यापूर्वी उरकून घेतलेलं बरं.

शहर सोडून डोंगरात गेल्यावर रेंज जाते, तेव्हा प्रश्न फोनच्या कानांचा असू शकतो. प्रत्येक नेटवर्क ठरावीक लहरींवर बोलतं, त्यांना बँड म्हणतात. जपानच्या दुर्गम भागात लांबवर पोचतात त्या कमी वारंवारितेच्या लहरी: डोकोमोचा बँड १९, केडीडीआयचे १८ आणि २६, सॉफ्टबँकचा ८. भारतासाठी बनलेल्या स्वस्त फोनांत १८-१९ हे बँड नसतात असं पुष्कळदा होतं, कारण इथे त्यांचा उपयोग नाही. अशा फोनला टोकियोत काही जाणवत नाही; कामिकोचीच्या दरीत किंवा कोयासानच्या वाटेवर तो एकदम बहिरा होतो, शेजारच्याचा फोन चालत असताना. फोनच्या मॉडेलची बँडची यादी कंपनीच्या साइटवर असते. बँड जुळत नसतील तर त्या भागाचा नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून घ्यावा, आणि सिमचा दोन नेटवर्कांशी करार असेल तर दुसरं हातानं निवडून पाहावं.

आता तो मुद्दा, ज्यासाठी हा लेख कुणीतरी प्रवासाआधी वाचावा असं मनापासून वाटतं. साधं सिम रुसलं की आपण ते काढतो, शर्टाला पुसतो आणि पुन्हा घालतो. तीच सवय ई-सिमवर वापरली की संपलं. बहुतेक प्रवासी ई-सिमचा क्यूआर कोड एकदाच चालतो. त्या कोडमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि तुमच्या प्रोफाइलची खूण असते. प्रोफाइल एकदा उतरलं की सर्व्हर ते दिलं गेल्याची नोंद करतो. ‘डिलीट ई-सिम’ दाबलंत की ते गेलं, आणि तोच कोड पुन्हा स्कॅन केला तर वापरून झाल्याचा संदेश येतो. काही क्षण बंद करायचं असेल तर त्यासाठी वेगळं बटण आहे, ‘टर्न ऑन धिस लाइन’ किंवा नुसतं ‘यूज सिम’. ते बंद करून पुन्हा चालू करा, हवं तितक्या वेळा. तसंच ‘रीसेट नेटवर्क सेटिंग्ज’ करताना काही फोन ई-सिमही पुसायचं का असं विचारतात. तिथे नाही म्हणायचं.

प्रोफाइल उतरवायचं काम घरच्या वाय-फायवर, निघायच्या आदल्या दिवशी करावं. उतरवायला नेट लागतं आणि परदेशी पोचल्यावर नेमकं तेच नसतं. कोड ज्या फोनवर आला त्याच फोननं तो स्कॅन करता येत नाही म्हणून लोक अडतात. दुसऱ्याच्या फोनवर किंवा छापून घेतलेल्या कागदावर तो दाखवावा. आयफोनवर मेलमधल्या कोडच्या चित्रावर बोट दाबून धरलं तरी ई-सिम घालायचा पर्याय येतो, आयओएस १७.४ पासून. घातल्यावर भारतात त्या सिमसमोर ‘नो सर्व्हिस’ असं दिसेल. ते तसंच दिसायला हवं, कारण इथे त्याचा करार नाही.

घेताना कुणाकडून घ्यायचं, हाही प्रश्न आहे. परदेशी कंपनीची सिमं भारतात विकायला दूरसंचार विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. त्याशिवाय विक्री करत असल्याच्या कारणावरून जानेवारी २०२४ मध्ये विभागाच्या सांगण्यावरून दोन मोठ्या परदेशी विक्रेत्यांची ॲपं भारतातल्या ॲप स्टोअरवरून काढली गेली. प्रमाणपत्र असलेल्या इथल्या विक्रेत्याकडून घेतलं तर अडचणीच्या वेळी इथलाच फोन नंबर हाताशी राहतो, आणि मराठी-हिंदीत बोलता येतं. आईवडिलांना एकटं पाठवणाऱ्यांनी हा विचार जरूर करावा.

भारतीय सिम मात्र फोनमधून काढू नये. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, आणि प्रवासी ई-सिमला बहुधा फोन नंबरच नसतो. रोमिंगची सेवा आपल्या कंपनीकडून निघण्यापूर्वी सुरू करून घ्यायची, म्हणजे परदेशात मेसेज येतील. डेटा रोमिंग बंद असल्याचा त्यावर परिणाम होत नाही. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालत राहतं, डेटा कुठल्या सिमवरून येतो याच्याशी त्याचं देणंघेणं नाही.

हे सगळं करूनही जमलं नाही, तर विक्रेत्याच्या मदतकेंद्राला लिहायची वेळ. ‘नेट चालत नाही’ एवढंच लिहिलं तर तिकडून वर सांगितलेल्याच सूचनांची ठरावीक यादी येते आणि अर्धा दिवस जातो. त्याऐवजी पहिल्याच मेसेजमध्ये सिमचा ‘८९’ ने सुरू होणारा आयसीसीआयडी क्रमांक, तुम्ही कुठल्या शहरात आहात, कुठलं नेटवर्क निवडलंय, आणि एपीएनच्या व रोमिंगच्या पानांचे स्क्रीनशॉट पाठवा; तीनपैकी कुठलं चित्र दिसतंय तेही लिहा. त्यांच्या हातात एक गोष्ट असते जी तुमच्या हातात नसते: मूळ कंपनीच्या यंत्रणेतून तुमच्या सिमची अडकलेली नोंदणी रद्द करून घेणं, म्हणजे फोनला पहिल्यापासून नोंदणी करावी लागते. ते केल्याचं त्यांनी कळवलं की फोन पूर्ण बंद करून चालू करायचा आणि दहा मिनिटं थांबायचं. ई-सिम डिलीट करून पुन्हा घाला असा सल्ला त्यांनी दिला, तर आधी नवा क्यूआर कोड मागून घ्या, तो मेलमध्ये आलेला डोळ्यांनी बघा, आणि मगच जुनं काढा.